बशीतले जंतू, मामाचा पाय

हॅलो? …हॅलो, कोन? …मने, तू व्हय! नांदेडहून बोलून राहिलीस का? बोल की, मामीच हाय मी.

हाव… हाव… न्हाई, निघालो न्हाई आम्ही. लातूरच्या दवाखान्यात जायचंच न्हाई आता. रविकिरणची भाड्याची गाडी आली व्हती दारात, माघारी धाडली… अगं, ओरडू नको! आधी ऐक तर!

अगं, तुझा फोटो आलाय ना पेपरात! सुदर्शननं बातमी वाचून दाखवली. आमच्या पोरानं कधी पेपर उघडला न्हाई, पर मनूताईचा फोटो म्हणून… हाव. 'कंबरमोडीच्या पाल्यानं हट्टी जंतू मेले.' मग? दिवाळीत आमच्याच बांधावरून पोतं भरून नेलास ना पाला? मी म्हणलं बी व्हतं, होस्टेलात शेळ्या पाळल्यास का काय!

ऐक ना… तुझ्या मामाच्या पायात बी हट्टीच जंतू हाईत. डॉक्टरनं कागद दिलाय. बारा दवा लिवल्यात, अकरांपुढं फुल्या. एकच लागू पडती, ती बी सलायनीतून, चौदा दिवस भरती होऊन. शुगर हाय म्हणून जखम पसरून राहिली, उशीर केला तर पाय… हाव, ठावं हाय मला. म्हणूनच तर पाला वाटला ना!

काय? …बशीत? कसली बशी? …काचेची. बरं. बशीत जंतू वाढवता? मुद्दाम? …अगं बाई! …मग त्यावर रस टाकला. मेले का न्हाई, एवढं सांग… मेले. मग झालं की!

न्हाई समजलं. परत सांग… बशीत मेले म्हंजी पायात मरतील असं न्हाई. कामून? …पायात मांस असतंय, रगत असतंय, हाव, ते मला बी ठावं… पाला न्हवता तो? पाल्यातून काढलेला अर्क… मग अर्क पाल्यातच असतोय ना, का बाजारातून आणला? …मने, तू एक काय ते धड बोल. घटकेत म्हणतीस गुण हाय, घटकेत म्हणतीस लावू नको. पेपर खरा का तू खरी? …दोन्ही खरं! घ्या आता.

त्याची दवा व्हायला दहा वर्षं लागतील? मग तवर तुझ्या मामानं पाय धरून बसावं काय?

रडू नको गं… रागानं न्हाई बोलले. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय बघ.

हाव… हाव… बशीत काय बी टाकलं तरी जंतू मरतेत? फिनेल टाकलं तरी? …आन् तणनाशक? …ते बी मारील?

थांब… थांब जरा.

मने, आठ दिवसावर येळवसचा, येळा अमावस्येचा सण हाय ना. पाव्हणे शेतात जेवायला येतेत, पंगत बांधाकडंच बसती. गवत लई वाढलं म्हणून सुदर्शननं काल… तेच. बांधभर फवारलं. …पाला हिरवाच व्हता गं सकाळी! जळायला दोन-चार दिस लागतेत, हे मला कळाया नको व्हतं का? जलमभर शेतात राबले मी!

बांधलाय. सकाळीच. मीच बांधला, फडकं घट्ट आवळून. आग होऊन राहिली म्हणत व्हते, मी म्हणलं, गुण येऊन राहिला, सोसा जरा…

हाव, काढते. साध्या पाण्यानं? …वाहत्या. चोळायचं न्हाई. बरं… रविकिरणला तू लावतीस फोन? लाव. अजून शिरूरच्या पुढं गेला नसंल, म्हणावं असशील तिथून फीर. फडकं संगं घेऊ, डॉक्टरला दाखवायला? …घेते. सांगते समदं, न्हाई लपवत.

ओ! उठू नका, पाय तसाच ठेवा, आले मी!

मने… एक सांग. ते बशीचं राहू दे. पाय राहील ना त्यांचा?

…ते डॉक्टरच सांगतील, आधी पाणी ओत म्हणतीस?

बरं. ठेव. मला पाणी आणायचंय.