भागुबाईंचा अंगठा

सोमाटण्याच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे एकाच बचत गटातल्या दोघी होत्या: म्हाताऱ्या भागुबाई आणि गटाची सचिव गुलनाज.

“गुलनाज, भुशी धरणावरच्या आपल्या स्टॉलवर भाकरी थापाया मानसीला बसवलं म्हनं. मला कुनी इचारलं?”

“मावशी, ग्रुपवर विचारलं होतं, ‘भागुबाईंऐवजी मानसी चालेल का?’ सगळ्यात आधी तुमचाच अंगठा आला!”

“मला कुटं वाचाया येतं? कायबी आलं की आंगठा देते, हजर हाय म्हून.”

“अगं बाई! मग आजपासून सगळ्यांनी बोलूनच पाठवायचं. हे दाबून धरा, बोला.”

“बायांनो, मी भागुबाई. त्यो आंगठा चुकून दिला. चूल माजीच हाय. मानसे, तू पीठ मळ.”

फोन टिंगटिंगत राहिला.

“काय म्हनत्यात गं?”

“अकरा अंगठे आलेत, मावशी. पहिला मानसीचा.”