बांधावरचा काटा

मिरजेच्या दवाखान्यात माणकडचे दोन म्हातारे माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. पट्टी तात्याबाच्या पायाला होती आणि तोंड उतरलं होतं तानाजीचं.

"उद्या गुडघ्याखाली कापत्यात म्हणं."

"व्हय. आता एकच पायताण झिजंल."

"चेष्टा नगं, तात्या. तुला साखर हाय हे ठावं असून सुळक्यावर अनवाणी चढायला मीच लावलं. दगड तिथंच लागला."

"वर देव हाय. पायताण घालून कोण चढतंय?"

"रंगूवैनीला काय सांगू?"

"बांधावर काटा मोडला, असं मी सांगितलंय. तू बी त्येच सांग."

"का रं?"

"खरं कळलं तर ती तुला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. आन आता माझ्यानं तुझ्याकडं येणं हुणार न्हाई, गड्या."