न बघता केलेली सही

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एका माणसानं लाच घेतली नाही, चोरी केली नाही. फक्त जे बघायचं होतं, ते बघितलं नाही. सांगा – तो निर्दोष, की अपराधी?

बरं, पुढे ऐका.

विश्वंभर खांडके नावाचे एक निरीक्षक होते, परिवहन खात्यात. काम काय? तर जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या आवारात जायचं, गाड्या तपासायच्या, मगच विक्रीच्या परवान्यावर सही करायची. माणूस सरळ! दिवाळीला कुणी मिठाई पाठवली, तर डबा आल्या पावली परत. बायको चिडायची – "अहो, निदान वास तरी घेऊ द्यायचा!"

हसा, हसा! पुढे हसू येणार नाही.

एका दुपारी खांडके उत्तमशेठच्या आवारात गेले. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर चटका! शेठ म्हणाला, "साहेब, पंख्याखाली बसा हो! गाड्या काय, गेल्या वर्षी तुम्हीच बघितल्यात की!"

अहो, गेल्या वर्षीच्या गाड्या विकून गेल्या ना! खांडक्यांना कळत नव्हतं? कळत होतं! पण बाहेर ऊन होतं, आत पंखा होता. सही झाली. परवाना भिंतीवर लागला.

आणि बाहेर उभी होती एक पांढरी गाडी. पुरात बुडालेली! धुऊनपुसून, अत्तर मारून ठेवलेली. आतल्या तारा कुजलेल्या.

सुनंदा गुरसाळे, दवाखान्यात नर्स. नवऱ्याला, रवळनाथला घेऊन आली. तो म्हणाला, "जुनी गाडी... मन धजत नाही गं." तिनं भिंतीकडे बोट केलं – "अहो, सरकारी माणसानं तपासलंय. ही बघा सही!"

घेतली गाडी.

महिनाभरानं, तिन्हीसांजेला, रवळनाथ एकटाच घाट उतरत होता. दाट धुकं. आणि ऐन वळणावर दिवे गेले! गाडी दरीत. माणूस संपला.

सुनंदा कचेरीत आली. रडली नाही, ओरडली नाही. खांडक्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. "साहेब, माझा नवरा ज्या गाडीत गेला, ती उत्तमशेठकडची गाडी तुम्ही बघितली होती ना?"

'हो' म्हटलं असतं, तर कोण विचारणार होतं? पण खांडक्यांची मान खाली गेली. "नाही, बाई. मी आवारात फिरलोच नाही."

ती म्हणाली, "इतके दिवस वाटायचं, मी एकटीनंच त्यांना मारलं."

आणि निघून गेली.

खांडक्यांनी स्वतःविरुद्ध लिहून दिलं. नोकरी गेली. शेठचा परवाना रद्द झाला. न्याय झाला म्हणता? छे! चार महिन्यांत त्याच जागी मेहुण्याच्या नावानं नवी पाटी! नवे साहेब आले, आत पंख्याखाली बसले.

शेठवर चिडू नका, मंडळी. शेठ सोपा आहे – त्याला शिव्या घालून आपण मोकळे! मास्तर, वह्या उघडून तपासता ना? डॉक्टर, रोग्याकडे मान वर करून बघता ना? कुणीतरी, कुठेतरी, तुमच्यावर भरवसा टाकून आत्ता घरातून निघालं आहे.

टाळ हळू वाजवा, बाबांनो. आज देवाचं नाव खालच्या आवाजातच घेऊ.