मंगळवारी केलेली दाढी

नाही, पण मी म्हणतो, न्हाव्यानं सुट्टी घ्यावी, जरूर घ्यावी, तोही माणूसच आहे, दिवसभर उभा असतो बिचारा... पण एका देशातल्या सगळ्या न्हाव्यांनी मिळून सुट्टीचा वार तरी एक ठरवावा की नाही? आमच्या सांगलीला न्हावी सोमवारी बंद. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मुंजीच्या आधीपासून ठाऊक आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, न्हावी सोमवारी बंद असतो. आणि तुमच्या या बंगळुरात? मंगळवारी! का? तर मंगळवारी! आता सांगा, यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, ही सत्तावन्न सालची गोष्ट. मी नुकता इथल्या विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायला लागलो होतो. मल्लेश्वरमला बसवंतअण्णांच्या घरात मागची खोली. आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःच्या हातानं स्वतःची दाढी कधी केलेली नाही. हसू नका! आमच्याकडे येसाजी घरी यायचा, ओसरीवर बसवायचा, नाक धरून मान वळवायचा आणि गावभरच्या बातम्या सांगत दाढी उरकायचा. मिशीला दोन कात्र्या मारून म्हणायचा, "जावा, आता फौजदार दिसताय." इथं आल्यावर येसाजीच्या जागी देवाप्पा, आठवड्यातून दोनदा. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, तरी पाच महिन्यांत आमच्यात एकदाही गैरसमज झाला नव्हता.

आणि अशात चामराजपेटेतल्या हरिभाऊंच्या मुलीचं स्थळ आलं. प्रमोदिनी नाव. घराणं तीन पिढ्यांपासून इथलं, पोहे विचारतानासुद्धा "स्वल्प घ्या" म्हणणारं. मी मुलगी बघितली आणि खरं सांगतो, मला पोह्यात मीठ होतं की नव्हतं ते आजतागायत आठवत नाही. हीच, दुसरी नको! हरिभाऊ म्हणाले, "आम्हाला पसंत आहे हो, पण आमचे थोरले बंधू, बेळगावचे दादा, एकदा बघतील. ते हो म्हणाले की झालं. रामेश्वरहून परतताना मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे उतरतायत, रात्रीच्या गाडीनं पुढं." म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर! दादा म्हणजे सोवळ्याओवळ्याचे कडक, पंचांग उशाशी घेऊन झोपणारे.

मी काय केलं असेल? रविवारी देवाप्पाकडे गर्दी, म्हटलं जाऊ दे. सोमवारी तर न्हावी बंदच, त्यामुळे तिकडे फिरकलोसुद्धा नाही. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ताजीताजी दाढी करून थेट चामराजपेट! बेत किती चोख! दुपारी देवाप्पाच्या दारात उभा राहिलो, तर फळ्या लावलेल्या. पुढच्या चौकात गेलो, फळ्या. बाजारात गेलो, फळ्या. पाच दिवसांची दाढी घेऊन मी अख्खं मल्लेश्वरम पालथं घातलं हो! शेवटी एका फुलवालीनं माझ्या गालाकडे बघून हात हलवला आणि म्हणाली, "इवत्तु मंगळवारा!" तिला बिचारीला वाटलं, मला वार माहीत नाही. वार माहीत होता हो... आता सांगा, यात माझं काय चुकलं?

हातात चार तास. गेलो चिकपेटेत मानसिंगच्या दुकानात. म्हटलं, दाढीचं सामान द्या. एवढं साधं बोललो! तर त्यानं काउंटरवर दवाखाना मांडला. हा पाकळ्या उघडणारा रेझर, हा तीन तुकड्यांचा, हा जाड मुठीचा. "साहब, चमडी नरम है या सख्त?" आता मला काय माहीत? मी कधी माझी चमडी विचारायला गेलो होतो? साबण कांडीचा की वाटीतला की ट्यूबमधला? आणि ब्रश! पहिला डुकराच्या केसांचा. माझा हात तिथंच आखडला. बसवंतअण्णांच्या घरात कांदासुद्धा सोमवारी शिजत नाही, तिथं मी डुक्कर नेऊ? मग म्हणाला, "यह लो, बिज्जू का, एकदम नरम." मी म्हटलं, बिज्जू म्हणजे काय? शेजारचं गिऱ्हाईक कौतुकानं म्हणालं, "मसणात प्रेतं उकरतो ना, तोच!" म्हणजे लग्न ठरवायला जाताना हे मी तोंडाला फासू? शेवटी घोड्याचा घेतला. तो इतका राठ, इतका राठ की अर्धी दाढी त्यानंच खरवडून निघेल असं वाटलं. निघताना मानसिंगनं मंत्र दिला, "ऊपर से नीचे, साहब. दबाना नहीं."

घरी येऊन अंगणात आरसा टांगला, तोंडाला साबण फासला, तर बसवंतअण्णा हजर. अण्णा निपाणीकडचे, चाळीस वर्षं वस्तऱ्यानं दाढी करणारे. "काय करालाय हो हे? ब्लेडनं? वस्तरा धरा की! आणि वरनं खाली कशाला? खालनं वर घ्या, मुळासकट येतंय!" तेवढ्यात आतून अण्णांची बायको गंगव्वा, "मंगळवारी दाढी करू नये री! म्हणून तर न्हावी बंद असतोय!" डबीतल्या कागदावर इंग्रजीत छापलेलं, केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेनं पातं फिरवा. अहो, माझ्या हनुवटीवरचे केस चारी दिशांना वाढतात! बाजार सुटल्यासारखे! मी कुणाचं ऐकू? मानसिंगचं वरून खाली, अण्णांचं खालून वर... मी दोघांचा मान ठेवला आणि आडवं ओढलं.

तुम्हाला सांगतो, कारखान्यात मी विमानाच्या पंखाच्या रेघा मारतो. केसाएवढी चूक झाली तर साहेब कागद फाडतो. आणि इथं केसच हातात होते, तरी! गालावर तीन ठिकाणी, हनुवटीवर दोन. अण्णा ओरडतायत, "गाल ताणा हो! तो नव्हे, दुसरा!" मी तुरटी फिरवली, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून गंगव्वा देवघरात गेली. साबण डोळ्यांत गेला, डोळे लालबुंद. आणि त्या अवस्थेत मिशीची डावी कड अर्धं बोट उडाली.

आता एक बाजू आखूड झाली, तर माणूस काय करेल? दुसरी तेवढीच करेल! केली. तर ती जास्त गेली. मग पुन्हा डावी. अण्णा मागून नेम सांगतायत, "उजवीकडं स्वल्प... अजून स्वल्प... अय्यो, लई झालं!" डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय सारखे करता करता शेवटी पाट उरतो ना, तसं झालं. नाकाखाली माशीएवढा ठिपका उरला. तो घेऊन मी मुलीच्या दारात जाऊ? काढला तोही. वरचा ओठ चांगला कापला, त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि निघालो. आता सांगा, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते हे, की माझे वडील सांगलीला ठणठणीत होते.

दार हरिभाऊंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. मागून दादा आले. त्यांनी काय पाहिलं? फोटोत मिशी असलेला मुलगा, आज मिशी सफाचट, डोळे लाल, गाल ओरबाडलेले! आमच्या लोकांत बाप असेपर्यंत कुणी मिशी काढतो का हो? दादा उंबऱ्याच्या आतूनच चार पावलं मागं सरले. "शिव शिव शिव! पुढे येऊ नका. सुतक आहे तुम्हाला. कधी गेले?" मी सांगायला तोंड उघडलं, तर ओठाची जखम उघडली, भळाभळा रक्त. मी रुमाल तोंडाला दाबला. आतून प्रमोदिनीच्या आईनं हुंदका दिला. "रडू द्या त्याला, मोकळं होऊ द्या!"

कसाबसा रुमाल काढून मी म्हटलं, "अहो, बाबा बरे आहेत! उत्तम आहेत!" तर दादा हरिभाऊंच्या कानात, पण मला ऐकू येईल असं, "धक्का बसलाय. मानायला तयार नाही." मी म्हटलं, "न्हावी बंद होता!" दादा म्हणाले, "बघ, म्हणूनच डोक्यावरचे केस राहिले. बिचाऱ्यानं घरीच जमेल तेवढं उरकलंय." मला पायरीवरच लांबून पाणी दिलं. आणि दादांनी निकाल लावला, "वर्षभर यांच्या घरात कार्य नाही. मुलगी तोवर कशाला थांबवायची? हुबळीचं स्थळ आहेच." मी खरोखर रडायला लागलो. तर दादांना खात्रीच पटली.

हरिभाऊ भले माणूस. त्यांनी माझ्या आईच्या नावे सांगलीला तार ठोकली. सांत्वनाची, लांबलचक. आणि ती सही करून घेतली कुणी? वडिलांनी! पोस्टमास्तरनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "आपले थोर, सत्शील, परोपकारी यजमान गेल्याचं ऐकून अतीव दुःख झालं." ऐकणारे समोर यजमानच!

तिसऱ्या दिवशी मिरजेच्या गाडीनं वडील बंगळुरात. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तसेच चामराजपेटेत गेले, मी मागून. हरिभाऊंनी दार उघडल्यावर वडील म्हणाले, "नमस्कार. मीच तो कैलासवासी." हरिभाऊ मटकन खालीच बसले.

मला वाटलं, संपलं. पण वडील चहा पिऊन मला म्हणाले, "त्रेसष्ट वर्षं जगलो. मला कुणी थोर म्हटलं नाही, तुझ्या आईनं तर नाहीच. यांनी न बघता म्हटलं. अशी माणसं सोडायची नाहीत." लग्न ठरलं! बेळगावहून दादांचं पत्र आलं, होकार आहे, पण एक अट. बाप हयात असताना मिशी काढणारा मुलगा, त्याचा भरवसा काय? वडिलांच्या हयातीत मिशीला पातं लावणार नाही असं त्यानं लिहून द्यावं. दिलं लिहून! वडिलांसमक्ष, सहीनिशी. मी तर सोंडसुद्धा वाढवायला तयार होतो.

लग्न झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रमोदिनी हळूच म्हणते, "एक बोलू? त्या मंगळवारी मी खिडकीतून बघितलं होतं. मिशी नसताना किती गोड दिसत होता हो तुम्ही! मामंजींना शंभर वर्षं आयुष्य मिळो... पण काढा ना." आता सांगा! तिकडे लिहून दिलेलं, इकडे हे डोळे... मी करायचं काय?

काय करणार? आठ वर्षं झाली. दाढी मी आता झोपेतसुद्धा करतो, वरून खाली, खालून वर, म्हणाल तशी. वडिलांचं येण्याचं पत्र आलं की दुसऱ्या दिवसापासून मिशी राखायला घेतो, महिनाभरात बऱ्यापैकी होते. त्यांची गाडी सुटली की ही चुलीवर गरम पाणी ठेवते. गल्लीतले लोक माझा ओठ बघून ओळखतात, सांगलीहून कुणी येणार आहे की नुकतं गेलंय.

गेल्या महिन्यात वडील पत्र न टाकताच आले. सकाळची वेळ, दार मीच उघडलं. तोंडाला साबण नाही, हातात रुमाल नाही, ओठ लखलखीत. वडिलांनी ट्रंक खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उपेंद्र, या खेपेला कधी गेलो रे मी?"