एकादशीची टेस्ट ड्राइव्ह

हेमलता : नारळ राहू दे तिथेच पायरीवर. ये चिन्मय, इथे जवळ बैस. रेवती, तूही ये गं, अशी लांब उभी राहू नकोस. ओवाळायचं म्हणून तुम्ही नोएडाहून मयूर विहारला आलात, तर ओवाळीन. निरांजन तयार आहे. पण आधी एक आख्यान सांगते, ते ऐका. मग तूच ठरव चिन्मय, तुझ्या गाडीला ओवाळू की नको.

चिन्मय : आत्या, यार, आत्ता आख्यान? गाडी रस्त्यात उभी आहे. शेजारचे अरोरा आत्ता खाली येतील भांडायला.

हेमलता : येऊ देत, त्यांनाही ऐकवीन. आज पाडवा आहे, दिवसभर मुहूर्त आहे. आणि शेवटी घेतलीस कुठली? थोरली की धाकटी?

चिन्मय : धाकटी. बिल्कुल करेक्ट निर्णय, आत्या. बघ, दोन्ही कंपन्यांचा मालक एकच, कारखाना एकच, इंजिनसुद्धा एकच. थोरली कंपनी डिकी मोठी देते आणि धाकटी स्क्रीन मोठा देते, फरक एवढाच. पण अपडेट आधी थोरलीचं येतं आणि मग चार-सहा महिन्यांनी धाकटीचं. थोरली आली तेव्हा घेतली असती तर आज डोकं धरून बसलो असतो.

रेवती : अडीच वर्षं डोकं धरूनच बसला होतास.

चिन्मय : रिसर्च म्हणतात त्याला. शिवाय बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. वर्षाच्या आत घरात नवी वस्तू नको, म्हणून थांबलो आणि तेवढ्यात नवं मॉडेल आलं. म्हणजे एका अर्थी बाबांनीच थांबवलं.

हेमलता : असं म्हणतोस?

चिन्मय : त्यांना आवडली असती. पण एक बरं झालं, आत्या. शेवटी शेवटी त्यांना कशाचंच भान नव्हतं. गाडी आली नाही याचं दुःख तरी झालं नाही. मी मनाला तेच सांगतो.

हेमलता : आता ऐक. यमुनेपलीकडे एक नगर आहे, तिथल्या वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत...

चिन्मय : नोएडा.

हेमलता : आख्यानात मध्ये बोलू नये. त्या नगरात एकोणिसाव्या मजल्यावर विश्वनाथराव नावाचे गृहस्थ राहत. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली हाकल्या. बायको देवाघरी गेलेली, गुडघे त्याच वाटेवर. व्यसन एकच, कीर्तन. दर एकादशीला मंडळात बुवांच्या मागे झांज घेऊन उभे. बुवांनी श्वास घ्यायला थांबावं आणि नेमकी तिथे यांची झांज पडावी. मुलाची जुनी डिझेलची गाडी उंच होती. दार उघडलं की टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. दर एकादशीला मुलगा सोडायचा, हे नाही म्हणता यायचं नाही. पण गाडीला दहा वर्षं झाली. दिल्लीत चालेना, विकून टाकली.

चिन्मय : दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्लीत बंद, तो नियमच आहे. माझा काय दोष?

हेमलता : दोष कुणी दिला? मुलगा म्हणाला, बाबा, महिन्याभरात नवी घेतो. मग म्हणाला, दिवाळीत थोरलीचं नवं मॉडेल येतंय. दिवाळीत म्हणाला, जानेवारीत कळेल. जानेवारीत म्हणाला, आता धाकटीचं येईपर्यंत थांबू. बापाला एवढंच हवं होतं की बसताना वाकावं लागू नये. तो म्हणाला, अरे, दोन्हींची सीट उंच आहे, मी दोन्हींत बसतो. तर मुलगा काय म्हणाला?

चिन्मय : मला काय आठवणार?

रेवती : ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं.’

चिन्मय : टॅक्सी करून देत होतो ना मी?

हेमलता : दिलीस. छोटी, बुटकी टॅक्सी. मंडळाच्या दारात विश्वनाथराव त्यात अडकले. पाय बाहेर आणि बाकीचा माणूस आत. ड्रायव्हरनं काखेत हात घालून पोतं ओढावं तसं ओढलं. धोतर सुटलं. दारात सगळं मंडळ उभं होतं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं त्यांना. पुन्हा टॅक्सीत बसले नाहीत. चार एकादश्या घरी. आणि पाचव्या एकादशीला माझ्या फाटकापाशी हॉर्न वाजला. बघते तर उंच, कोरी गाडी आणि मागच्या सीटवर दादा. म्हणाला, चल हेमा, कीर्तनाला उशीर होतोय. गाडी कुणाची रे? तर म्हणाला, शोरूमची.

रेवती : म्हणजे तेव्हा तुम्हीही होता गाडीत?

हेमलता : एकदा नाही, पाचदा झालं असं. पाचही वेळा होते. त्यानं काय केलं, तू जमवलेल्या कागदांवरून दोन्ही शोरूमचे नंबर घेतले. टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी पाठवतात, हे त्याला तूच कौतुकानं सांगितलं होतंस. एका एकादशीला थोरलीला फोन, दुसऱ्या एकादशीला धाकटीला. थोरलीकडून निखिल नावाचा सेल्समन यायचा. दादा त्याला सांगायचा, मुझे पीछे की सीट चेक करनी है, ज़रा लंबा चक्कर लगाओ. लांबचा चक्कर म्हणजे मयूर विहार, तिथून मंडळ. तासभर कीर्तन, तसंच परत. तिसऱ्या वेळी निखिल आत येऊन मागे बसला. प्रसादाचा शिरा दोनदा घेतला त्यानं.

चिन्मय : यात कौतुक वाटण्यासारखं काय आहे? मला शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. मी मीटिंगमध्ये, समोर क्लायंट. म्हणे, सर, आपके फ़ादर पाँचवीं बार टेस्ट ड्राइव्ह ले चुके हैं, गाड़ी लेनी भी है या नहीं?

हेमलता : तिथेच दादा फसला. छत्तीस वर्षांत त्याच्या ऑफिसातल्या शेजारच्या दोन टेबलांना एकमेकांचा पत्ता नसायचा. त्याला वाटलं, कंपन्या दोन आहेत, म्हणजे रजिस्टरंही दोन असणार. पण शोरूमचाही मालक एकच निघाला आणि यादीही एकच. आणि यादीत तुमच्या पत्त्यापुढे फोन नंबर तुझा.

चिन्मय : मला लाज वाटली, आत्या. चार लोकांत बोलणं होतं माझं.

हेमलता : मग तू मॅनेजरला काय सांगितलंस?

चिन्मय : आठवत नाही.

हेमलता : रेवती?

रेवती : हा त्या दिवशी घरी येऊन हसत हसत सांगत होता. ‘मैंने बोल दिया, उनका दिमाग ठीक नहीं है, अब फ़ोन करें तो हाँ-हाँ बोलो और गाड़ी मत भेजो।’

चिन्मय : प्रकरण संपवायला बोललो. माणूस बोलून जातो.

हेमलता : बोलून जातो. पुढची एकादशी कार्तिकातली होती. हवा अशी धुरकट की समोरचा टॉवर दिसेना. त्या दिवशीचं कीर्तन मंडळात नव्हतं, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, आपल्या मराठी लोकांच्या सरकारी अतिथिगृहात होतं. तेविसाव्या वर्षी दिल्लीला आला तेव्हा दादा त्याच इमारतीत अकरा रात्री झोपला होता, ट्रंक उशाला घेऊन. म्हणाला, हेमा, एवढं एक कीर्तन गाठायचंय, पुढे नाही मिळालं तरी चालेल. निखिलला फोन केला. निखिल म्हणाला, हाँ-हाँ अंकल, पाँच बजे.

चिन्मय : ठीक आहे आत्या, आलं लक्षात.

हेमलता : नाही आलं. साडेचारला दादा खाली उतरला. धुवट धोतर, काळा कोट, मांडीवर झांज. गार्डनं आपली लाल प्लास्टिकची खुर्ची दिली. इकडे मी माझ्या फाटकात उभी, शाल घेऊन. पाचला फोन केला, म्हणाला, येतेच आहे. साडेपाचला म्हणाला, जाममध्ये असेल. सहाला म्हणाला, हेमा, तू बुवांना निरोप दे, नमन झालं तरी चालेल, आख्यानाच्या आत पोचतो. सातला मीच म्हटलं, दादा, वर जा. तर म्हणाला, मी वर गेलो आणि तेवढ्यात गाडी आली तर?

रेवती : सव्वासातला मी ऑफिसातून आले. गेटपाशी दिसले मला. खोकत होते.

चिन्मय : तू बोलली नाहीस तेव्हा.

रेवती : मला वाटलं, बसले असतील हवेला.

हेमलता : त्या हवेला?

रेवती : नाही, आत्या. मला माहीत होतं. वर जाऊन चहा टाकला मी. त्यांना बोलवायला गेले असते तर का बसलात हे विचारावं लागलं असतं.

हेमलता : साडेसातला निखिलचा फोन आला दादाला. रडवेला झाला होता. अंकल, माफ़ करना, नौकरी का सवाल है. आपके बेटे ने मना किया है, बोला आपका दिमाग... पुढचं त्याला बोलवेना. दादानंच वाक्य पुरं केलं. म्हणाला, हाँ बेटा, थोड़ा ऐसा ही है, तुम चिंता मत करो.

चिन्मय : बाबांना कळलं होतं? मी असं बोललो ते?

हेमलता : शब्द न् शब्द.

चिन्मय : पण मग पुढच्याच महिन्यात... नाही, थांब. डिसेंबरात निखिल घरी आला होता, नव्या मॉडेलची तारीख सांगायला. त्यानं नमस्कार केला आणि बाबा त्यालाच विचारतात, आपण कोण? मी समोर होतो. त्यांनी ओळखलं नाही त्याला.

हेमलता : आणि तुझा जीव भांड्यात पडला.

चिन्मय : मला... हो. वाटलं, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो.

हेमलता : तेच वाटावं म्हणून विचारलं होतं त्यानं. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले होते, तुम्ही दोघं बाहेर होता, तेव्हा दादानं सांगितलं. म्हणाला, हेमा, तो मुलगा चिन्मयकडे बघत होता, आणि चिन्मयला मान वर करता येईना. माझ्यादेखत माझा मुलगा खोटा पडत होता गं. म्हणून विचारलं, आपण कोण? निखिल बिचारा काय ते समजला. पायाला हात लावून गेला.

चिन्मय : आणि नंतर? दोन महिने तसेच वागत होते. मला सुजय म्हणायचे. चमच्याला किल्ली म्हणायचे. डॉक्टरांनाही सांगितलं मी तसं. मी फोन काढून घेतला त्यांचा, कुणालाही ओटीपी सांगतील म्हणून. बाहेरून कडी लावायला लागलो.

हेमलता : तेही विचारलं मी. हसला. म्हणाला, आता एकदम शहाणा झालो तर पोरगा डॉक्टरसमोरही खोटा पडेल. राहू दे. किती दिवस राहायचंय?

चिन्मय : खोटं आहे हे. रेवती, तू सांग. त्या दोन महिन्यांत तू घरून काम करायचीस. त्यांना काही समजत नव्हतं ना?

रेवती : दुपारी शब्दकोडं सोडवायचे.

चिन्मय : काय?

रेवती : रोज. पेनानं. तुझा यायचा वेळ झाला की पेपर घडी करून गादीखाली ठेवायचे. गेल्यानंतर गादी उचलली तेव्हा साठ-एक निघाले. सगळी पुरी.

चिन्मय : आणि तू मला सांगितलं नाहीस?

रेवती : तू विचारलं नाहीस. आणि खरं सांगू? बरं पडत होतं. ते काही मागत नव्हते. मंडळ नाही, गाडी नाही, एकादशी नाही. घर शांत होतं.

चिन्मय : आत्या, तू तरी सांगायचंस. वर्षभर माझ्याकडे येऊन जेवून गेलीस तू. वर्षश्राद्धाला माझ्या शेजारी बसलीस.

हेमलता : दादानं शब्द घेतला होता. म्हणाला, माझं वर्ष होईपर्यंत बोलू नकोस, पोराला विधी नीट करू दे. नंतर तुझं तू बघ. मी वर्षभर बघितलं. म्हटलं, हा स्वतःहून एकदा तरी म्हणेल, बाबांना तेवढं कीर्तनाला न्यायला हवं होतं. आज तू म्हणालास, त्यांना काही कळत नव्हतं हे बरं झालं. तेवढं एक तुझ्याकडे राहू द्यावं असं फार वाटलं रे मला. नाही ठेवता आलं.

चिन्मय : मग ओवाळू नकोस. राहू दे. मी परत करतो ही गाडी.

रेवती : नंबर पडलाय चिन्मय. परत घेत नाहीत.

हेमलता : आणि गाडीनं कुणाचं काय केलंय? ऊठ. ते लिंबू घे, चाकाखाली ठेव. रेवती, कुंकवाची कोयरी आण. दार उघड, मागचं. उंच आहे रे सीट. छान टेकता आलं असतं.

(हेमलता निरांजन ओवाळते. चिन्मय नारळ हातात धरून उभा आहे, तो फोडत नाही.)

चिन्मय : आत्या, बस ना मागे. तुला कुठे म्हणशील तिथे नेतो. आत्ता.

हेमलता : मी मेट्रोनं जाते, माझे गुडघे शाबूत आहेत. तू नीट जा. एवढंच कर माझ्यासाठी. तुमच्या गेटातून आत शिरताना डाव्या हाताला गार्डची लाल खुर्ची दिसेल. रोज दिसेल. तिथे गाडी जरा हळू घे आणि दादाची आठवण ठेव. साडेचारपासून साडेसातपर्यंत बसला होता, पूर्ण शुद्धीत.