नऊ पहाटांचं मागणं

(फिलिपिन्समधलं घर, नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ. लिगाया आईला नानाय आणि बाबांना तातय म्हणते. चुलीवर केळीच्या पानात तांदळाचा केक, बिबिंगका, भाजतोय.)

मारिसेल : लिगाया, हलू नकोस! मापाचा पेला जरा वर धर. अजून वर. हां, आता हस.

रोडेल : अगं, पोटात कावळे कोकलतायत माझ्या, आणि तुझे फोटो काही संपत नाहीत.

मारिसेल : पोरीला घरी शिकवते मी, शाळेत घालत नाही. मग पुरावा कोण देणार? आठ जानेवारीला तपासनीस बाई वही मागतील. दीड पेला नारळाचं दूध, पाऊण पेला साखर, झाले अपूर्णांक! तू आलास म्हणून धडा बुडत नाही, आणि धड्यापायी तू एकटा पडत नाहीस. आहे की नाही तुझी बायको हुशार?

रोडेल : आहे बाई, आहे. परवा कंदील बांधला तो भूमितीत गेला. काल मासळीबाजार केला तो विज्ञानात. मी कशात गेलो?

मारिसेल : भूगोलात. मनिला ते दोहा, विमानाचा रस्ता काढलाय तिनं नकाशावर.

रोडेल : घ्या! दोन वर्षांनी दोह्याच्या नोकरीतून बारा दिवसांच्या रजेवर आलो, आणि माझाच धडा झाला.

लिगाया : तातय, तुमच्यावर पाच प्रश्न पण आहेत.

रोडेल : सोपे आहेत ना? बरं, राणीसरकार, आज नववी पहाट. नऊच्या नऊ दिवस पहाटे उठून चर्चला आलीस, एकही पहाट चुकवली नाहीस. नऊ पुऱ्या केल्या की मागितलेलं मिळतं म्हणतात. मागणं मागितलंस की नाही?

लिगाया : मागितलं.

रोडेल : सायकल?

लिगाया : नाही.

मारिसेल : छान. आता 'माझ्या नऊ पहाटा' यावर दहा ओळी लिहून टाक.

लिगाया : नाही लिहिणार, नानाय.

मारिसेल : हे काय नवीन?

लिगाया : तेच तर मागितलं मी. एक दिवस वहीत न जाणारा. उद्याचा. परवा तातय जाणार. ते गेले की मी रोज फोनमधले फोटो बघते. पण या वेळच्या सगळ्या फोटोंत मी काहीतरी मोजतेच आहे.

मारिसेल : सगळ्यांत कशी मोजत असशील? दाखवते थांब. कंदील... मोजपट्टी आहे. बाजार... तराजू. हा बघ, विमानतळावरचा! तातयच्या गळ्यात पडलीयस.

रोडेल : हातात काय आहे तिच्या?

मारिसेल : ...वही. मीच दिली होती. 'स्वागत' या निबंधासाठी.

रोडेल : मारिसेल, एक दिवस राहू दे की ती वही.

मारिसेल : कशी राहू देऊ? तुझी आई गावभर सांगते, सुनेनं पोरीला घरी बसवलीय. एक पान कोरं दिसलं तर तिला आयतंच निमित्त मिळेल.

रोडेल : नऊ वर्षांची पोर तुला तुझ्याच फोटोंतली चूक दाखवते. ही काय घरी बसलेली पोर झाली?

मारिसेल : खरंय. मीच शिकवलंय तिला. एका दिवसानं काही ती अडाणी होत नाही, आणि तपासनीस बाईंना मी सांगेन काय ते. पंचवीस तारखेचं पान कोरं. सासूबाईंना मीच उघडून दाखवीन.

लिगाया : आणि ते पाच प्रश्न?

मारिसेल : ते तातयना विमानात सोडवू देत.

लिगाया : नानाय, एक फोटो हवाय. आत्ता. तिघांचा.

मारिसेल : काढू या. आधी तो पेला खाली ठेव.