करुणाचा डावा हात

—नाही, मधूभाऊ, चहा नंतर. आधी जे जिन्यात म्हणालात ते इथे बसून परत म्हणा. नाही म्हणत? मग मी म्हणते. "तिच्या हातातून वस्ती जात नाही" — हेच ना? शाळेच्या संमेलनाचे चिटणीस तुम्ही, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या हातात तुम्हाला वस्ती दिसते?

तालमीला ती शाळेच्या कीबोर्डवर बसली आणि मुलं हसली म्हणे. हसणारच, पहिल्या रांगेत बसून सुरुवात तुम्हीच केलीत. डावा हात हवेत का हलवते ती, विचारलंत एकदा तरी? मी सांगते. तिच्या घरी पियानो कुठून येणार — अहो, अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत हा माझा एक, तोही उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनी घर रिकामं करताना विकायला काढलेला, पावसाळ्यात निम्म्या पट्ट्या फुगून बसतात — तर ती घरी सराव करते बापाच्या पेटीवर. भीमराव कारखान्यातून सुटला की विहारात गाणी म्हणतो ना, ती पेटी. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. भाता हलवला नाही तर पेटी वाजेल का? नाही वाजणार. म्हणून इथे बसली तरी डावा हात आपला आत-बाहेर, आत-बाहेर. मोडायची का ती सवय? मी नाही मोडली. मी त्या हातासाठीच चाल बांधली — खाली दोनच सूर, एक सूर हात आत येताना, एक बाहेर जाताना, झोक्यासारखे. तो हलणारा हातच त्या चालीचा ठेका आहे, मधूभाऊ. आणि तीच चाल तुम्हाला हवीय कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या चिरंजीवांसाठी — त्यांच्या नव्या कॅसिओवर, जिथे बटण दाबलं की ठेका आपोआप, डाव्या हाताला कामच उरत नाही. का? तर साहेब प्रमुख पाहुणे.

आणि वर लाच काय — यंदा माझं नाव पुकारणार. उपकार झाले. शाळेची प्रार्थना माझी, छोट्या वर्गाचं मुंग्यांचं गाणं माझं, आणि पत्रिकेवर दरवर्षी काय? चाल पारंपरिक. मी विंगेत जिवंत उभी, आणि मीच परंपरा. हसू नका, मला नाही येत हसू. खोटं कशाला बोलू — तुमचा निरोप आल्यापासून कानात तेच, माइकवर कुमुदिनी, पुढे आडनाव, पुढे टाळ्या. साडीसुद्धा काढून ठेवली, ती बघा खुर्चीवर. कुणी विचारलंच नाही हो कधी — आमच्या ह्यांनासुद्धा, होते तोवर, वाटायचं मी पोरं रमवते — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

तर ऐका. साडी जाईल परत कपाटात. चाल करुणाच वाजवेल, नाहीतर तुमच्या मंचावर ती वाजणार नाही. आणि रोज प्रार्थनेला मी पेटीवर बसते ना — उद्यापासून त्या परंपरेलाच बोलवा.

हळू बोलू? का, आत ती आहे म्हणून? ती मघापासून आहे. जिन्यातलं तुमचं वाक्य तिनेही ऐकलंय. म्हणून तर तुम्हाला वर बोलावलं. करुणा, ये बाहेर, बस स्टुलावर. काकांकडे बघू नकोस, ते निघालेत.

निघा, मधूभाऊ. दार लावू नका, जिना उतरेपर्यंत ऐकू येऊ दे. हं, करुणा — आधी डावा.